खडान्खडा

सेलमच्या गल्लीत बावीस वर्षं
भट्टीपुढं बसलो. मूस, टाकणखार, तेजाबाचा धूर.
जेवढा घाम गेला तेवढं पाणी प्यालो नाही.
ती बाकी शरीरानं मांडून ठेवली होती
उजव्या कुशीत, कुणाला न सांगता.

विट्याला आलो भावकीतल्या बारशाला
आणि घुगऱ्या वाटता वाटता असा कळवळलो
की पाळण्यातलं पोर रडायचं थांबलं.
बायका म्हणाल्या, याला काय झालं मधेच.

मग मिरज.
तासगावकडून जाताना लागणारा प्रत्येक गतिरोधक
मी आता नावानिशी ओळखतो.

डॉक्टर मगदूम म्हणाले, सोनोग्राफी करू.
त्या शब्दातलं सोनंच ऐकू आलं मला, सवयीनं.
पडद्यावर करड्या धुक्यात एक पांढरा ठिपका,
त्याच्या मागं काळी सावली.
"नऊ मिलिमीटर. नळीत अडकलाय.
चारचा असता तर पाण्यावर सोडला असता."
जन्मभर मिलिग्रॅमवरून गिऱ्हाइकाशी भांडलो,
आणि माझ्याच आतला माल
दुसऱ्यानं मापून सांगितला.

वैजयंता दारातूनच म्हणाली,
"हुलग्याचं माडगं पाजलं तर?"
डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं.
"पाजा की. पण एवढा खडा माडग्याला बधायचा नाही."

रात्री ब्रदर सॅमसन पलंगाच्या कडेला टेकला,
आणि कुणी सांगत नाही ते सगळं सांगितलं:
कमरेत सुई टोचतील, पाय दुसऱ्याचे होतील.
चिरफाड नाही, खालून दुर्बीण, आत लेझर.
शुद्धीत असाल, पण कळणार नाही.
उद्या लघवी लाल होईल, ओरडू नका.
आत एक नळी ठेवतील दोन्ही टोकांना वळलेली,
ती पंधरा दिवस छळेल.
ताप आला, थंडी वाजली, लघवी अडली,
तर मात्र लाजत घरी बसू नका.

छळलंच.
वाकलं की टोचायची. हसलं की टोचायची.
धार संपता संपता एक कळ
थेट बरगडीखाली चढायची.
रंगावरून कस सांगायची माझी विद्या
संडासात कामाला आली:
पहिल्या दिवशी जास्वंद,
दुसऱ्या दिवशी आटपाडीच्या डाळिंबाचं पाणी,
पाचव्या दिवशी नुसता गुलाबी भास,
आणि जरा जास्त चाललो
की पुन्हा डाळिंब.

शेजारच्या पलंगावर शिरगुप्पे गुरुजी, तिसरी खेप.
"पहिल्या वेळी वाटलं, गेला तो गेला.
खडा जातो हो.
खड्याची सवय राहते."
एवढं बोलून भिंतीकडं वळले.

घरी वैजयंतानं लोणच्याची बरणी वरच्या फळीवर चढवली
आणि चुलीपाशी दोन वाट्या मांडल्या.
मी पेला संपवला
की एक हुलगा या वाटीतून त्या वाटीत.
संध्याकाळी मोजायची.
एकदा मी गुपचूप दोन हुलगे सरकवले,
तिनं नुसतं माझ्या ओठांकडं बघितलं.
ओठ कोरडे होते.

सोळाव्या दिवशी नळी काढली.
थंडगार जेली, डोळे पंख्याकडं.
लाज पहिल्या मिनिटातच संपते.
मग एक ओढ, लांबच लांब,
जशी विहिरीतून पोहऱ्याची दोरी यावी.
एवढी निळी दोरी माझ्यात होती?
दोन दिवस जळजळ. तिसऱ्या दिवशी
मी मोटारसायकलवर पेठेत गेलो.

काही तुकडे तपासणीला गेले होते,
उरलेले एका बाटलीत मला दिले होते.
तुकारामशेठच्या दुकानात, गिऱ्हाईक नाही बघून,
ते काट्यावर ठेवले.
दोनशे दहा मिलिग्रॅम.
शेठ म्हणाला, कुठल्या घाटाचा माल?
मी म्हणालो, घरचाच.
आणि हसलो.
टोचलं नाही.

काल सेलमला फोन केला.
भाचा धैर्यशील आता माझ्या जागेवर बसतो.
सोन्याचा भाव विचारला, भट्टीचं विचारलं,
मग विचारलं, लघवीला रंग कसला येतो रे?
पलीकडं शांतता. मग गडी हसायला लागला.
लाजतोस कशाला, म्हटलं,
कसोटीच आहे ती.
फोन ठेवू नको.
आधी घागरीकडं जा, मी ऐकतोय.