तीन तुकडे

हॅलिफॅक्सच्या डायलिसिस कक्षात
सात नंबरच्या खुर्चीत
सोम-बुध-शुक्र, दुपारी एक ते पाच
मिसेस होल्रॉइड कादंबरी वाचतात.
डाव्या हातात दोन सुया, तो हलवायचा नाही.
उजव्याला आठशे पानं पेलवत नाहीत,
म्हणून भाजीच्या सुरीनं
त्यांनी पुस्तकाचे तीन तुकडे केलेत.

पहिल्यांदा मी दचकलो.
पुस्तकाला पाय लागला तर
नमस्कार करणाऱ्या घरातला मी.
त्या म्हणाल्या, वाचायचंय, की कपाटात सजवायचंय?

पहिला तुकडा संपला तसा मला दिला.
तेव्हापासून मी एक तुकडा मागे.
मशीनचा दाब तपासायला वाकलो
की त्या माझा चेहरा न्याहाळतात.
"पोचलास का, लव्ह, पत्रापाशी?"
"अजून नाही."
"बरं."
त्या 'बरं'मध्ये पुढचं सगळं असतं, आणि त्या सांगत नाहीत.

एकदा कबूल केलं:
माळरानाची चार पानं गाळली मी.
धुकं, दगडी कुंपणं, मेंढ्या. काही घडतच नाही.
त्यांनी रक्ताच्या नळीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
"दोन तास दहा मिनिटं राहिलीत," म्हणाल्या,
"इथं तरी काय घडतंय?"

कार्पेटच्या गिरणीत पगारपत्रकं लिहायच्या त्या.
एकोणिसाव्या वर्षी हीच कादंबरी वाचली
तेव्हा बाजू घेतली पळून जाणाऱ्या मुलीची.
चाळिशीत, तिच्या आईची.
(स्वतःची मुलगी तोवर लीड्सला गेली होती, न सांगता.)
"आणि आता?"
"आता स्वयंपाकिणीची.
घरभर माणसं रडतायत, दारं आपटतायत
आणि हिला बारा जणांचं जेवण वेळेवर वाढायचंय.
लेखकानं नावसुद्धा दिलं नाही बिचारीला."

पाच वाजता रक्त परत अंगात जातं.
सुया काढून मी कापूस दाबून धरतो,
दहा मिनिटं.
तेवढा वेळ आम्ही दोघं
काहीच बोलत नाही.

बसथांब्यावर मागची पानं पुन्हा उघडली.
धुकं. कुंपण. मेंढ्या. पुन्हा धुकं.
तिसऱ्या पानाच्या तळाशी, एका ओळीपुरती,
कंदील घेऊन एक बाई चाललीय.
कोण, कुठली, काही लिहिलेलं नाही.
हातांना कांद्याचा वास असणार,
एवढं मी मनानंच घातलं.