तीन सेकंद आधी

गुरुवारी औषधांच्या दुकानातली माझी पाळी एकला संपते
आणि दीडचा खेळ असतो
गल्लीच्या टोकाला, त्या छोट्या थिएटरात
जिथं पूर्वी म्हणे अर्ध्या ग्लासगोच्या चादरी धुतल्या जात.
भिंतींना अजून सोड्याचा वास येतो.
निदान मला येतो.

खुर्च्या अडुसष्ट. सातव्या रांगेतली तिसरी मोडकी आहे,
तिच्यावर कुणीतरी लोकरीचं आसन विणून घातलंय,
तेव्हापासून ती आधी भरते.

तिकीट फाडणारी ईशबेलच कॅफेत मसुराचं सूप वाढते.
टेबल डुगडुगतं, म्हणून पायाखाली
गेल्या वर्षीच्या महोत्सवाची पुस्तिका घडी करून सारलेली.
वाकून पाहिलं तर कुण्या पोर्तुगीज नटीचा अर्धा चेहरा
माझं सूप तोलून धरत असतो.

इथं मी एका मेंढपाळणीबरोबर दीड तास गप्प बसलेय,
कोरियातल्या एका न्हाव्याचं दुकान बंद होताना
रुमाल विसरले म्हणून बाहीनं नाक पुसलंय.
कुठलीच भाषा येत नसते, तेच बरं वाटतं.
अंधारात आम्ही सगळे सारखेच अडाणी,
तळाच्या ओळीला धरून
पुढं पुढं सरकणारे.

फेब्रुवारीत महोत्सव लागला.
पुस्तिकेच्या मधल्या पानावर, बारीक टायपात,
भाषा: मराठी.
सूप गार झालं.

दिग्दर्शिका येऊ शकली नाही, व्हिसा अडकला.
तिच्या खुर्चीपुढं ठेवलेला पाण्याचा ग्लास
कुणी उचलायला धजेना.
मग दिवे गेले.

पडद्यावर शिरवळच्या अलीकडं पंक्चर काढणारी एक बाई,
बोटांवर सोल्युशनची साय.
नवरा अकराच्या सुमाराला उगवतो.
ती ट्यूब घमेल्यात बुडवते, बुडबुडे बघते,
आणि मान वर न करता म्हणते,
‘मेल्या, कुठं उलथला होतास?’

मी हसले. एकटीच.
अडुसष्ट खुर्च्यांत एक हसू,
देवळात भांडं पडावं तसं.
मग खाली पांढरी अक्षरं आली:
तू कुठे होतास?
‘मेल्या’लाही बहुतेक व्हिसा मिळाला नव्हता.

शेजारी एक म्हातारा, ओला लोकरी कोट, कानात यंत्र.
मी दुसऱ्यांदा हसले तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं.
तिसऱ्यांदा आधीच पाहत होता.
पुढं पुढं तर त्यानं अक्षरं वाचणं सोडलं,
माझ्या तोंडावर पिक्चर बघू लागला,
मी हसले की हसायचा, मोठ्यानं,
मग मागची रांग, मग दाराशी उभी ईशबेल,
आणि अक्षरं बिचारी धापा टाकत
तीन सेकंद उशिरा पोचायची.

शेवटाकडं ती बाई नुसतीच
‘बरं’ म्हणते.
तेवढंच. ते लिहिलेलं बरोबर होतं.
पण मला काही दिसेना,
आणि म्हाताऱ्यानं समोर बघतच
अर्धी टॉफी माझ्या हातात ठेवली.

कॅफेत ईशबेलनं विचारलं, ती खरं काय म्हणाली?
मी सांगू लागले.
शिवी आहे. नाही, तशी नाही.
मरणाऱ्याला म्हणत नाहीत.
ज्याचं ताट झाकून ठेवलंय
त्यालाच म्हणता येते.
ती ऐकत होती, फडकं खांद्यावर,
दोनदा ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिलं तिनं.

परवाच्या गुरुवारी दुकानात गर्दी होती,
धावतपळत आले तर खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झालेली.
कॅफे रिकामा. काउंटरवर एक वाडगा, वर बशी पालथी.
‘मेल्या,’ ईशबेल म्हणाली,
ळ आणि ल यांच्या मधल्याच कुठल्यातरी अक्षरात,
आणि बाईमाणसाला म्हणताना ‘मेले’ म्हणायचं असतं
हे मी तिला
अजून सांगितलेलं नाही.