नग एक

सादिकला सांगितलं, कोलेस्टेरॉल.
आईला सांगितलं, श्रावण आहे.
श्रावण संपला, मार्गशीर्षही गेला,
आता ती विचारत नाही,
फोनवर जराशी थांबते फक्त.
मेसच्या बिजूला काहीच सांगितलं नाही.
गुरुवारच्या बिर्याणीतला माझा तुकडा
त्याने मुकाट दुसऱ्याच्या ताटात टाकला
आणि मला दोन बटाटे जास्त.

मी जबल अलीच्या शीतगृहात कारकून.
आत उणे अठरा, बाहेर सत्तेचाळीस.
मधल्या दारात प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबतात,
त्या गालाला लागल्या की कळतं
आता कुठल्या ऋतूत शिरलो.
ब्राझीलची कोंबडी, ऑस्ट्रेलियाचं मटण.
तारीख, नग, वजन.
अकरा वर्षं लिहितोय,
किलोची चूक नाही.

आणि मी गुहागरचा.
सुरमईच्या डोक्यावरून
सख्ख्या भावाचा दात पाडलेला माणूस.

मे महिन्यात हरेश पावसकर
वरच्या बंकवर झोपला तो उठलाच नाही.
गावाचा पत्ता नीट लिहील
म्हणून कंपनीने मला कार्गोत पाठवलं.
फॉर्म ओळखीचा निघाला.
तेच रकाने, तोच निळा कार्बन.
माल : मानवी अवशेष.
नग : एक.
वजन : शहाण्णव, लाकडासकट.
काट्यावरच्या पोराने विचारलं, नाशवंत?
मी हो म्हटलं.
सवयीने.

जिवंतपणी तो एकसष्ट भरायचा.
गोदामाच्या काट्यावर आम्हीच तोलायचो एकमेकांना,
हरलेल्याने चहा पाजायचा.
म्हणजे लाकूड पस्तीस.
ही वजाबाकी मी परतीच्या बसमध्ये केली,
करायला नको होती.

मला कोंबडीची दया आली, असं नाही.
दया फार मोठ्या माणसांची गोष्ट.
त्या रात्री ताट पुढे आलं
आणि रश्शात रकाने दिसले, एवढंच.
वाटलं, चार दिवसांत जाईल.
गेलं नाही.

परवा कोणाच्या तरी बॅगेतून
आईने सोडे पाठवले.
श्रावणावर तिचा विश्वास बसला नव्हता तर.
पुडी सादिकला दिली.
तो महाडचा, त्याला कळतं,
कांदा किती लाल, कोकम कधी.

मी बाहेर येऊन उभा राहिलो,
एसीचा गरम वारा पोटऱ्यांवर घेत.
खिडकीतून वास आला.
तोंडाला पाणी सुटलं, भरभरून,
आठ महिन्यांत काहीच शिकलं नव्हतं तोंड.

आतून सादिक ओरडला,
अरे, संपतायत बघ.
मी म्हटलं, संपव.