उणे एकतीस

आईने रात्री दोन बरण्या ठेवल्या
गॅरेजबाहेर, बर्फाच्या कट्ट्यावर.
एकीत तिचं नेहमीचं खनिज तेल,
दुसरीत मी ओउलूहून आणलेलं सिंथेटिक,
ज्याची पावती मी खिशातच ठेवली होती.
वाद नको म्हणाली. सकाळ सांगेल.

सकाळी उणे एकतीस.
तिने पहिली बरणी पालथी धरली.
तेल जागचं हललं नाही,
मानपान न झालेल्या व्याह्यासारखं
तळाशी बसून राहिलं.
दुसरीतली धार
तिच्या बुटावर पडली.

मी काही बोललो नाही.
चावी फिरवल्यावरचे पहिले चार सेकंद,
तेल वर पोचायच्या आधी
धातू धातूला खातो,
हे मला तिनेच शिकवलं होतं,
पान्यांच्या पेटीवर बसवून, नऊ वर्षांचा असताना.

“रविवारी तळ्यावरच्या शर्यतीला तुझं घाल.
सात हजारांवर टर्बो लाल होतो,
तिथे माझं करपेल.”
मग जुन्या साबच्या बॉनेटवरून हातमोजा फिरवत,
“हिच्यात नको.
हिची सीलं आता नावापुरती.
चाळीस हिवाळ्यांच्या गाळाने फटी बुजल्यात.
तुझं तेल फार स्वच्छ, सगळं धुऊन काढेल
आणि ही गळायला लागेल.”

रात्री सौनात डोकावलो.
खालच्या फळीवर ती, टॉवेल गुंडाळून,
शेजारी ती बरणी.
तिरकी करून बघत होती:
तेल सावकाश
एका अंगाला कललं.

“दार लाव,” म्हणाली,
“ऊब जाते.”