हेतू : पर्यटन

अलकापुरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एसीत
केतनभाई माझा अर्ज भरतोय.
"काका, पाछुं ए ज?
एवढ्यात तर ग्रीस होईल. निळं-पांढरं. फोटो छान येतात."
बुडापेस्ट, मी म्हणतो. दहा दिवस. एकच हॉटेल.
"आणि रोजचं काय लिहू? त्यांना रोजचं लागतं."

मागच्या वेळी रोजचं छापून आलं होतं.
अकरा दिवस, सात देश, नाश्त्याला पोहे,
पुढे झेंडी घेतलेला कुलदीप
आणि प्रत्येक पुलावर शरयू :
हा कालचाच ना हो?
बुडापेस्टच्या वाट्याला चार तास आले.
त्यातला दीड मी गरम पाण्यात काढला.

पिवळ्या भिंतींच्या मधोमध, उघड्यावर, ते कुंड.
वाफ. आणि छातीएवढ्या पाण्यात म्हातारे
बुद्धिबळ खेळत होते,
आपल्याकडे पारावर बसावं तसे.
एकाने मला भुवईनेच बोलावलं.
त्याने नाव सांगितलं, मला ऐकू आलं येनो.
मी सांगितलं अच्युत शिर्के,
त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे.
एकविसाव्या चालीला शिट्टी झाली. कुलदीपची.
येनोने पटाकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग पाण्याकडे.
म्हणजे, असू दे. मी इथेच आहे.

बसमध्ये, ओल्या केसांनी,
तिकिटाच्या पाठीवर मी एकेक मोहरं लिहून काढलं
आणि कारेलीबागेत येऊन बाहेरच्या खोलीत डाव तसाच मांडला.
नऊ वर्षं.
रमिला फडकं मारायची, घोडा एक घर सरकायचा,
मी परत आणायचो.
कधी कधी नाही आणायचो.
तिची चाल माझ्यापेक्षा बरी असायची.

मग एका ऑगस्टात विश्वामित्री घरात आली,
चपला न काढता.
गुडघ्याला, मग मांडीला, थंड, डिझेलच्या वासाचं पाणी.
मुजुमदारांच्या जिन्याखाली मगर आहे अशी ओरड
(होती. वनखात्याची पोरं संध्याकाळी दोरीने बांधून घेऊन गेली).
वरून शरयू हाका मारतेय, पासपोर्ट! गॅसचं पुस्तक!
आणि मी पट दोन्ही हातांवर तोलून उभा,
मोहरी हलू नयेत म्हणून श्वास धरून.
तेवढ्यात हसू आलं.
म्हटलं, अच्युतराव, पाणी आहे, डाव आहे,
समोर फक्त कोणी नाही.

एक काळं प्यादं गेलंच.
त्या जागी शरयूने चिंचोका ठेवला.

ती येत नाही. दोन लाखांची आंघोळ, म्हणते.
वुडाच्या फ्लॅटमधून थेट बुडाला,
नावातच लिहिलंय, आणखी काय सांगायचं.
शिवाय तिला दहा दिवस रिमोट हवाय.

येनो तेव्हाच ऐंशीचा असेल.
मी बँकेत होतो, मला बेरीज येते.
केतनभाईला हे सांगत नाही.
अर्जात त्याला रकाना नाही.

"काका? पहिला दिवस?"
आंघोळ.
"बीजो?"
नदीकाठची पिवळी ट्राम, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग तीच उलटी. उतरायचं नाही.
"त्रीजो?"
मी खिडकीबाहेर बघतो.
खाली एक पोरगा पेरू रचतोय,
एक घसरतो, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

केतनभाई सुस्कारा टाकतो आणि लिहितो
साइटसीइंग, साइटसीइंग, साइटसीइंग,
दहा ओळी.
मी सही करतो.
खिशात चिंचोका आहे, येनोचा.
चाल त्याची आहे.
मला नुसतं बसायचंय.