सावद्याची वही

रात्री एकला लाईट यायची.
मग लीलाधर फालक केळीच्या वखारीमागची खोली उघडायचा,
कॉम्प्युटर चालू. कुलरचं तोंड आमच्याकडे नाही,
डब्याकडे.

आम्ही भांडायचो.
मी : छाप नाही, काटा नाही, हातात वाजत नाही,
ते नाणं कसलं भो?
तो : वही आहे ना. एकच वही, हजार घरांत.
एकाने खाडाखोड केली
की बाकीचे नऊशे नव्व्याण्णव बोंबलणार.

पुनमचंद दलाल, सगळी हयात बैलबाजारात गेलेली,
खाटेवरून म्हणाले :
म्हणजे रुमालाखालची बोटं.
खूण दोघांतच,
सौदा झाला हे मात्र अख्ख्या बाजारापुढे.
लीलाधर गप्प झाला. मग हे त्याने
दूर कुठल्याशा अनोळखी माणसाला
मोडक्या इंग्रजीत लिहून पाठवलं.

पहाटे पन्नास आले.
पन्नास काय, ते सांगता येईना.
स्टँडवर गफूरला म्हटलं, यातलं एक घे,
दोन चहा दे.
तो हसला. पेन्सिल थुंकीनं ओली करून
आमच्या नावावर आठ रुपये मांडले.

ती वही एकाच घरात होती.
तिच्यातल्या आकड्यावरून
आम्ही कधीच भांडलो नाही.