नमुना पेटी

रिवणच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट,
आणि कपाटाची किल्ली शिपाई दुलबाच्या कमरेला.
दुलबा बहुधा बँकेत असतो.
म्हणून आम्ही बाहेर शिकतो,
कुळागराच्या कडेला, पाटाचं पाणी वाजतं तिथे.

मातीशी काठ जुळवून पुरलेल्या तीन करवंट्या:
एकीत गूळ, एकीत खवलेलं खोबरं,
एकीत सुक्या सुंगटांची डोकी.
अंदाज आधी लिहायचा, मग बघायचं,
एवढा एकच नियम.
सगळ्यांनी लिहिलं, गूळ.
मीही, मनातल्या मनात.
एकट्या रेमेदियसने सुंगट लिहिलं.
का रे? तर म्हणाला,
"मुयो गोंयच्यो न्ही, बाई?"

अर्ध्या तासाने मोजणी.
गूळ एकोणीस. खोबरं सात.
सुंगटांपाशी सुलक्षा एकशेचाळीसला दमली
आणि वहीत लिहून मोकळी झाली: पुष्कळ.
मी लाल शाईत विचारलं, पुष्कळ म्हणजे किती?
खाली तिचं उत्तर: हातावर चढेपर्यंत.

धनगरवाड्यावरचा जानू झोरे
डब्यातून शेणकिडा घेऊन आला, शेणासकट.
वर्गाने नाकं धरली, मग हळूहळू सोडली.
गोळा तेवीस मिलिमीटर, किडा बारा;
मागच्या पायांनी ढकलत, डोकं खाली,
फरशीच्या फटीत अडकला, उतरला, फिरून चढला.
दोरा बांधू नकोस हं, मी म्हटलं.
जानूने माझ्याकडे असं पाहिलं
की वर्गात मीच लहान.
"दोरा कशाला? त्याला काम आहे."

मग मलाही मिरवावंसं वाटलं.
माळ्यावरून कॉलेजची नमुना पेटी काढली,
अकरा वर्षांनी.
चौतीस कीटक, तीन वर्षांची पायपीट,
खोतीगावच्या रानात चप्पल तुटेपर्यंत धावून
मिळवलेलं एक निळं फुलपाखरू.
त्याच्याविषयी वर्गात आधीच दोनदा सांगून झालं होतं.

झाकण उघडलं.
चौतीस टाचण्या ताठ उभ्या.
चौतीस चिठ्ठ्यांवर माझं कोवळं अक्षर,
तारीख, गाव, लॅटिन नाव.
आणि चिठ्ठीच्या वर, टाचणीभोवती,
काही नाही.
तळाला तपकिरीसारखी भुकटी,
एका कोपऱ्यात निळ्याचा एक कण, तोही बहुतेक
मला हवा होता म्हणून दिसलेला.

मुलं गप्प झाली.
मुख्याध्यापकांसमोरही इतकी गप्प नसतात.
डांबराच्या गोळ्या घालायच्या राहिल्या, मी म्हणाले,
कोणाला, कोण जाणे,
आणि झाकण लावायला हात पुढे केला.

"बाई, रावात," जानू म्हणाला. भिंग त्याच्याच हातात.
"एक केंस चलता हांगा."

खरंच चालत होता.
तांदळाच्या कणीएवढी अळी, अंगभर केस,
शेवटाला झुपका, घाई अजिबात नाही.
चौतीसातली पस्तिसावी,
कुणी न पकडलेली, चिठ्ठी नसलेली.
तेवीस डोकी पेटीवर वाकली
आणि माझं दुःख त्यांच्या गर्दीत
मलाच दिसेना.

त्या दिवसाची नोंद जानूच्या अक्षरात आहे:
ठिकाण: बाईंची पेटी.
हवामान: बंद.
अन्न: बाईंची फुलपाखरं (संपली).
स्थिती: जिवंत.
शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, ठेवल्या.

पेटी आता खिडकीत असते, वर मलमलचा तुकडा.
दर सोमवारी एक मेलेली माशी, पाळीपाळीने.
दुलबाही येऊन बघून जातो, किल्ली वाजवत.
ती पुढे काय होईल, याचे
तेवीस अंदाज वहीत आलेत.
चोविसावा माझा,
पेन्सिलीने.